डोकं वर, डोकं खाली

घरमाशी भिंतीवर बसते तेव्हा तिचं डोकं बहुधा जमिनीकडे असतं.

चौदा खड्डे. तालुक्यात पहिला नंबर.

बत्तीस दिवसांची कोंबडी तहानली की आधी गोंगाट करते. मग गोंगाट थांबतो. थांबला की घाबरायचं.

दशरथ गाडेच्या गायीने सलग नवव्या सकाळी बादली लाथाडली.

सहा जर्मनच्या ताटल्या, अर्धा किलो गूळ, थोडं पाणी.

"डॉक्टर" अशी हाक आली की मी ओ द्यायचो. मी डॉक्टर नव्हतो.

पितळी चावी, अडीच इंची. उजवीकडे फिरवली की बंद.

हे सगळं एका सकाळी एकत्र आलं, ऑक्टोबर २००९.

*

पावणेनऊच्या सुमारास मी खडकओढ्याच्या फाट्यावर मोटरसायकल वळवली आणि वच्छला नेहे रस्त्याच्या मधोमध उभ्या दिसल्या. दोन्ही हातांत एकेक काचेची बरणी. बरण्यांच्या तोंडाला मलमलचं फडकं, दोऱ्याने आवळलेलं.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"काकू, दहाला सभा आहे. मला जरा आधी—"

"म्हणूनच म्हणते उतरा. दहाला तुमचा कागद वाचणार. अकराला माझ्या शेडला कुलूप. आन् कुलपाची तरी काय गरज, तवर आत जितं काय राहणारे?"

मी उतरलो.

काल दुपारी चार वाजता गावाने त्यांच्या शेडकडे जाणाऱ्या पाण्याच्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करून चावी काढून घेतली होती. गावाने म्हणजे दशरथ गाडेने. गाव मागे उभं होतं. दोन हजार कोंबड्या. वर दोनशे लिटरची टाकी, ती पहाटेच कोरडी झाली होती. काकूंचे यजमान टेम्पो घेऊन तालुक्याला टँकर ठरवायला गेले होते, अजून पत्ता नव्हता. ऊन नऊ वाजताच चटके देत होतं.

गावाची तक्रार खोटी नव्हती. पंधरा दिवसांपासून माश्यांनी जनावरं हैराण केली होती. गाई पाय आपटायच्या, शेपट्या मारून मारून दमायच्या, धार काढू द्यायच्या नाहीत. दशरथ दूध संकलन केंद्र चालवायचा. सकाळचे कॅन निम्म्याने घटले होते. गावात माश्या असणारी जागा एकच, कोंबड्यांची शेड, हे लहान पोरालाही माहीत होतं. तरी ग्रामपंचायतीने रीतसर दवाखान्याला पत्र दिलं: पाहणी करून अहवाल द्यावा. दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक मी, कंत्राटी. डिसेंबरात कायम होणार होतो. अहवाल माझ्या पिशवीत होता.

*

अहवालातला कलम चारचा मजकूर, माझ्याच अक्षरात:

सहा ठिकाणी गुळाच्या पाण्याच्या ताटल्या ठेवल्या. पैकी तीन ठिकाणं जनावरांचे गोठे. दोन दिवसांत मिळालेल्या माश्या: ४१८. सर्व घरमाश्या. घरमाशीची पैदास कोंबडीखताच्या ओल्या थरात होते. सबब प्रादुर्भावाचं मूळ सदर कुक्कुटपालन शेड हेच होय.

खाली सही. सहीखाली तारीख.

*

काकूंनी दोन्ही बरण्या माझ्या मोटरसायकलच्या सीटवर ठेवल्या.

"ही माझी. ही दशरथची."

"माश्यांवर नावं असतात का काकू?"

"असतात. वाचता यायला पाहिजेत." त्यांनी डाव्या बरणीवर टिचकी मारली. माश्या उडाल्या, घोंघावल्या, पुन्हा काचेवर बसल्या. "सहा वर्षं झाली यांच्यात राहते. माझी माशी आळशी बाई आहे. भाकरीवर बसंल, डोळ्यावर बसंल, थुंकंल, चाटंल. चावायचं म्हणाल तर तोंड कुठंय तिला? आता ही बघा. काल संध्याकाळी दशरथच्या म्हशीच्या पायावरनं धरली. गोठ्यातली सगळी माणसं चावडीवर गेली होती म्हणून जमलं."

मी वाकलो. दोन्ही बरण्यांत करड्या रंगाच्या, सारख्याच मापाच्या माश्या. कुणीही म्हणालं असतं, एकच.

"बसल्यात कशा ते बघा," काकू म्हणाल्या.

डावीकडच्या बहुतेक माश्या काचेवर डोकं खाली करून बसल्या होत्या.

उजवीकडच्या डोकं वर करून.

"आता हे." त्यांनी बाही मागे सारली आणि दंड उजव्या बरणीच्या फडक्यावर दाबून धरला. तीन-चार माश्या लगेच वर आल्या. काकूंनी ओठ आवळला. हात काढला तेव्हा कातडीवर रक्ताचे दोन बारीक ठिपके होते. मग तोच दंड डाव्या बरणीवर. माश्या आल्या, फडक्याला सोंड लावून फिरल्या, गेल्या. काही नाही.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षी हे मी वाचलं होतं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंही होतं.

*

घरमाशी: तोंड मऊ, स्पंजासारखं. घट्ट पदार्थावर लाळ टाकून तो विरघळवते आणि शोषते. चावू शकत नाही. छातीवर चार काळे पट्टे. गूळ, उष्टं, जखम, शेण, डोळ्यांतलं पाणी, काहीही चालतं.

गोठ्यातली चावरी माशी: तोंड सुईसारखं, डोक्याच्या पुढे आलेलं. नरही चावतो, मादीही. अन्न रक्त. जनावराच्या पायांवर खालून हल्ला करते, पोट भरलं की जवळच्या भिंतीवर उन्हात बसून राहते. पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके. गुळाच्या ताटलीकडे सहसा फिरकत नाही.

सहसा फिरकत नाही.

मी गूळ ठेवला होता. गुळाने ज्यांना बोलावलं त्याच आल्या. चारशे अठरा.

*

"मग ह्या येतात कुठनं?" काकूंनी विचारलं.

मी उजवी बरणी उचलून उन्हात धरली.

"डॉक्टर, मी अडाणी बाई. माशी धरून दिली. ती कुठं जन्मते ते तुम्ही सांगा. पगार तुम्हाला आहे."

"शेणात नाही," मी म्हणालो. "निव्वळ शेणात नाही. ओला, कुजणारा चारा लागतो तिला. भिजलेलं काड. पेंढा."

"या दिवसांत पेंढा कुठला ओला? पाऊस जाऊन तीन आठवडे झाले."

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी घड्याळाकडे. नऊ वाजून पाच मिनिटं. मला उत्तर ठाऊक होतं, आणि ते तोंडाबाहेर काढायच्या आत मी मोटरसायकलची किल्ली काढली आणि बरण्या काकूंच्या हातात दिल्या.

"चला," मी म्हणालो. "दशरथच्या गोठ्यामागे."

*

मुरघास हा शब्द त्या वर्षी मी गावाला शिकवला होता. हिरवा मका कापायचा, कुट्टी करायची, खड्ड्यात दाबून दाबून भरायची, हवा राहू द्यायची नाही, वर प्लास्टिक. पंचेचाळीस दिवसांनी आंबूस वासाचा चारा तयार, उन्हाळ्यापर्यंत टिकतो. योजना सरकारी, प्लास्टिक सरकारी, खड्डा शेतकऱ्याचा. खडकओढ्यात चौदा खड्डे झाले. दशरथचा पहिला. त्याने केला म्हणून बाकीच्यांनी केले.

गोठ्यात त्याच्या दोन गाई आणि म्हैस होती. माणूस कुणी नव्हतं, सगळे सभेला. भिंतीच्या उन्हाच्या बाजूला माश्या बसल्या होत्या, ओळीने, सगळ्यांची डोकी आभाळाकडे. काकूंनी बोट दाखवलं नाही. गरज नव्हती.

खड्ड्यावरचं काळं प्लास्टिक वाऱ्याने कडेला वर उचललं गेलं होतं. वर आठ-दहा दगड. दगडांच्या मधे प्लास्टिकच्या घड्या, घड्यांत पावसाचं पाणी आत गेल्याच्या खुणा. मी कड उचलली. आंबूस वास यायला हवा होता. सडका आला. काठाकाठाने वीतभर रुंदीचा थर काळा, लिबलिबीत झाला होता. मी काडीने उकरलं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या.

पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या खाली तपकिरी कोश, जोंधळ्याच्या दाण्याएवढे, ओंजळीने भरावेत इतके.

"चौदा खड्डे आहेत नं गावात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळे असेच?"

"असतील."

त्यांनी पदराने नाक धरलं होतं. पदराआडून म्हणाल्या, "म्हणजे हे तुमचं पीक."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. हिशेब मांडावा तसं म्हटलं. मग वळल्या आणि चालायला लागल्या, कारण शेड वाटेत होती.

*

शेडजवळ आवाज नव्हता.

आत बघितलं. दोन हजार पांढऱ्या कोंबड्या, पंख अंगापासून सुटे, चोची उघड्या, सगळ्या धापा टाकताहेत आणि एकीचाही आवाज नाही. दाराशी दहा-बारा आडव्या झालेल्या. काकूंनी सकाळपासून हंड्याने आणलेलं पाणी भांड्यांच्या तळाशी ओल म्हणून उरलं होतं.

त्यांनी एक कोंबडी उचलली, कानाजवळ धरली, परत ठेवली.

"आत्ता चावी उघडली तर?" मी विचारलं.

"तर वाचतील. तासाभराने उघडली तर निम्म्या." त्यांनी हात साडीला पुसले. "डॉक्टर, मला तुमच्याकडनं दुसरं काही नको. कुणाचं चुकलं ते नको. तेवढी चावी."

दहाला पाच कमी होते. मी अहवाल पिशवीतून काढला आणि खिशात घातला. का, ते सांगता येत नाही. पिशवी तशीही हातातच होती.

*

चावडीपुढे दीडशेएक माणूस. ग्रामसेवक कदम टेबलाशी बसलेले, पुढे इतिवृत्ताची वही. दशरथ गाडे उभाच होता. पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या, चाळिशीचा, आवाज न चढवता बोलणारा. त्याच्यामुळे गावात कुठल्याही गोष्टीला ताळतंत्र असायचं. पाण्याची चावी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, खिसा खाली ओढला गेला होता.

"या डॉक्टर. वाचा," तो म्हणाला.

"आधी चावी उघडा," मी म्हणालो. "मग वाचतो."

मागून कुणीतरी हसलं. "कोंबडी शिजली वाटतं दवाखान्यात!"

"वाचा आधी," दशरथ म्हणाला. "अहवालात शेडचं नाव नसंल तर मी स्वतः उघडतो. शब्द दिला."

अहवालात शेडचं नाव होतं. ते त्याला माहीत होतं. परवा मीच चहा पिताना सांगितलं होतं.

मी खिशातल्या कागदावर हात ठेवला. कदमांनी घसा खाकरला. तेवढ्यात वच्छलाकाकूंनी दोन्ही बरण्या टेबलावर, इतिवृत्ताच्या वहीवर ठेवल्या.

"दशरथ भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही शब्दाचे पक्के. हात घाला."

"काय?"

"ह्या बरणीत माझ्या शेडच्या माश्या. फडकं काढते, तळहाताने तोंड झाका. चावल्या तर आत्ता इथंच शेडच्या किल्ल्या देते."

"आन् न चावल्या तर?" मागून कुणीतरी.

"तर तुझी बायको तरी चावंल, गप बस," दुसरा म्हणाला, आणि माणसं हसली. दशरथ हसला नाही. त्याने डाव्या बरणीवर तळहात ठेवला. काकूंनी खालून फडकं ओढून घेतलं.

माश्या त्याच्या तळहातावर फिरल्या. सगळी सभा पुढे सरकली.

"गुदगुल्या होतात," तो शेवटी म्हणाला.

"आता ही. तुमच्या म्हशीच्या पायावरची."

तो माझ्याकडे बघत होता, काकूंकडे नाही. हात उजव्या बरणीवर गेला. फडकं निघालं. एक, दोन, तीन. त्याचा खांदा उडाला. हात मात्र उचलला नाही. पाच मोजेपर्यंत ठेवला, मग उलटा करून सगळ्यांना दाखवला. रक्ताचे चार ठिपके. बरणीतल्या माश्या सुटून माणसांत गेल्या आणि पुढच्या रांगेत एकाने आपल्या पोटरीवर चापट मारली.

आता कुणी हसत नव्हतं.

"ह्या कुठल्या?" दशरथने मला विचारलं.

*

इथे मला थांबता आलं असतं. चावी उघडा, बाकीचं उद्या बोलू. काकूंना तेवढंच हवं होतं.

पण माणसं विचारू लागली. मी म्हणालो, मुरघासाच्या खड्ड्यांत. काठाला चारा कुजलाय, त्यात. आणि एकदम गलका झाला.

"खड्डे तर ह्यांनीच काढायला लावले!"

"फोटो छापून आणला पेपरात!"

"धरा ह्यालाच!"

कुणीतरी टेबलाच्या पायावर लाथ मारल्याचा आवाज आला. कदम उभे राहिले, "शांतता, शांतता" म्हणाले, बसले. माझा हात पिशवीत गेला आणि योजनेची पुस्तिका हाताला लागली. पान अकरा. मी ते उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

"'प्लास्टिक अंथरल्यानंतर त्यावर किमान अर्धा फूट मातीचा थर देऊन तो चोपून घ्यावा. कडा मातीत पूर्ण बुजवाव्यात.'" मी पुस्तिका उंच धरली. "छापलेलं आहे. प्रत्येकाला एक-एक दिली होती. खड्ड्यात चूक नाही. झाकणात आहे. माती कुणी टाकली? सांगा. एकाने तरी टाकली?"

मग चौदा खड्डेवाल्यांपैकी एक जण, उंच, दाढी वाढलेला, म्हणाला, "आम्ही दशरथचं बघून केलं. त्याच्यावर कुठं होती माती?"

सगळी सभा दशरथकडे वळली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मी आजही ठरवू शकत नाही. एका माशीला भिंतीवरून उडून पुन्हा बसायला लागतो तेवढा वेळ, किंवा त्याहून पुष्कळ जास्त. त्याचे ओठ हलले. मी पुस्तिकेत बघत होतो. पान अकरा.

"चुकलं," दशरथ म्हणाला.

बस, एवढंच. मग त्याने खिशातून चावी काढली आणि माणसांतून वाट काढत व्हॉल्व्हकडे चालत गेला. काकू त्याच्या मागे जवळजवळ धावत होत्या. मी टेबलाशी उभा होतो. कदमांनी हळूच विचारलं, "अहवाल कुठला लावू मग?" मी खिशातला कागद बाहेर काढला, चार तुकडे केले आणि म्हणालो, "नवा देतो."

*

नव्या अहवालातला मजकूर: जनावरांना त्रास देणारी माशी ही चावरी माशी असून तिची पैदास अयोग्य रीतीने झाकलेल्या मुरघासाच्या कुजलेल्या थरात आढळली. शेतकऱ्यांनी सूचनांचं पालन न केल्याने सदर परिस्थिती उद्भवली.

खाली सही. सहीखाली तारीख.

*

तीनशे अकरा कोंबड्या मेल्या. बाकीच्या वाचल्या. शेड अजून आहे, आता काकूंची सून बघते.

त्याच दुपारी दशरथने फावडं घेऊन स्वतःच्या खड्ड्याच्या कडा उकरल्या, सडका थर रानात पातळ पसरला, उन्हात वाळवला. कोश उन्हात मरतात हे त्याला मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या तेरा खड्ड्यांचं तेच झालं. दोन आठवड्यांत गाई धारेला उभ्या राहायला लागल्या.

त्याला गाव 'माशीवाला' म्हणू लागलं. आधी थट्टेत. पुढच्या वर्षी दूध संस्थेच्या निवडणुकीत विरोधकांनी भिंतींवर माशीचं चित्र काढलं, त्याचं नाव न लिहिता. तो पडला. नंतर उभा राहिला नाही.

मी डिसेंबरात कायम झालो. आता प्रशिक्षणांना जातो तेव्हा दोन्ही माश्यांची मोठी चित्रं नेतो. डोकं वर, डोकं खाली हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही जागे होतात. गुळाच्या ताटल्यांची माझी चूक मी आवर्जून सांगतो. लोक हसतात, आवडतं त्यांना.

दशरथ मला त्यानंतर बऱ्याचदा भेटला. गाय तापली, वासरू अडलं, की तोच फोन करायचा. "डॉक्टर, येता का?" मी जायचो. काम झालं की तो हातावर पाणी घालायचा, साबण पुढे करायचा. त्या सभेचा विषय त्याने कधी काढला नाही. काकूंनी एकदा काढला, बाजारात, भेंडी निवडताना. म्हणाल्या, "दशरथसारखा नेटका माणूस. पेंढा रचील तर दोरीत रचील. त्याच्याकडनं माती कशी राहिली असंल हो?"

मी म्हणालो, घाई असते काकू लोकांना.

त्यांनी एक भेंडी मोडून बघितली आणि परत ढिगात टाकली.

*

त्या वर्षी सप्टेंबरच्या अकरा तारखेला दशरथ गाडेने खड्ड्याशेजारी दोन ट्रॉल्या माती आणून ओतली होती आणि मी त्याला ती परत न्यायला लावली, कारण चार वाजता योजनेचे साहेब फोटो काढायला येणार होते आणि फोटोत प्लास्टिक दिसायला हवं होतं.